घराण्याचं डिझाइन

पारंपरिक स्वेटरांची विलायती पुस्तकं मी हौसेने जमवतो. विणता मला येत नाही, आणि पुण्यात स्वेटरचा उपयोग म्हणाल तर डिसेंबरात सकाळी दूध आणण्यापुरता. तरी भर मे महिन्यात पंख्याखाली लोळत मी ही पुस्तकं वाचतो, कारण त्यांच्या मागच्या भागात गणित असतं आणि पुढच्या भागात पुराण. गणिताला मी शाळा सुटल्यापासून हात लावलेला नाही.

पुराणाचा पहिला अध्याय बुडालेल्या कोळ्याचा. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार ‘गॅन्सी’ नावाचा गडद निळा, अंगासरशी बसणारा स्वेटर घालत. प्रत्येक गावाची नक्षी म्हणे वेगळी. प्रेत कुठल्याही किनाऱ्याला लागलं तरी स्वेटर बघून लोक गाव सांगत. नवऱ्यासाठी एवढ्या लांबचा विचार करून विणायला बसणारी बायको डोळ्यांसमोर आली की मला त्या कोळ्याची फार काळजी वाटते. बरं, पुष्कळ गॅन्सींवर खालच्या काठापाशी मालकाच्या नावाची आद्याक्षरंच विणलेली असत. मग नक्षीवरून तपास कशाला?

या कथेचं मूळ शोधताना जाणकार एका नाटकाकडे बोट दाखवतात. सिंज यांचं ‘रायडर्स टू द सी’ १९०४ साली रंगभूमीवर आलं. त्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती पायमोज्यावरून, आणि तीही नक्षीमुळे नव्हे. आपण साठ टाके घातले होते आणि त्यातले चार सोडले होते, हे तिच्या लक्षात असतं. मोजा मोजून ओळखला, एवढंच. पण ऐकणाऱ्यांनी पायातलं अंगात चढवलं.

दुसरा अध्याय आयर्लंडच्या अॅरन बेटांचा. ऑक्सफर्डमध्ये लोकरीचं दुकान चालवणाऱ्या हाइन्झ एडगर किवे यांना १९३६ साली डब्लिनमध्ये एक पांढरा, पिळापिळांचा स्वेटर दिसला. पुढे ‘बुक ऑफ केल्स’ या सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितातल्या एका चित्रात त्यांना अगदी तस्साच पोशाख दिसला. लोकर विकणाऱ्याला अशी दृष्टी लाभली की आणखी काय हवं! १९६७ साली त्यांनी विणकामाचा ‘पवित्र इतिहास’च छापला. मग अर्थ लागत गेले. पीळ म्हणजे कोळ्याचा दोर, पोळ्याची नक्षी म्हणजे कष्ट, चौकट म्हणजे शेतं आणि बरकत, नागमोडी रेघ म्हणजे संसारातले चढउतार. प्रत्यक्षात हा स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे माझ्या पणजीच्या पैठणीहून वयाने लहान. आता तर तिकडची दुकानं आडनावावरून डिझाइन देतात. आपण आडनाव सांगायचं, आपल्या कुळाचा प्राचीन स्वेटर पिशवीत घालून मिळतो.

या सगळ्यावर पाणी टाकलं ते लेस्टरच्या बिशपनी. रिचर्ड रट हे धर्मगुरू स्वतः उत्तम विणत. १९८७ साली आलेल्या ‘अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग’ या जाडजूड ग्रंथात त्यांनी किवेंच्या गोष्टी एकेक टाका काढत उसवल्या. येशू पाण्यावरून चालला हे ज्यांना मान्य, त्यांनाही बाराशे वर्षांचा स्वेटर काही पचला नाही.

तिसरा अध्याय शेटलंडजवळच्या फेअर आयल बेटाचा. १५८८ साली स्पॅनिश आरमारातलं ‘एल ग्रान ग्रिफॉन’ हे जहाज तिथे फुटलं, इथपर्यंत इतिहास. मग ओलेचिंब, उपाशी खलाशी किनाऱ्याला लागले आणि त्यांनी बेटावरच्या बायकांना रंगीत नक्षी शिकवली, हे पुराण. खरं नशीब उघडलं ते प्रिन्स ऑफ वेल्समुळे. हा राजपुत्र १९२१च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरला तेव्हा शहरात विलायती कापडाची होळी झाली. दोन दिवसांनी पुण्यात त्याने शिवस्मारकाची कोनशिला बसवली. पुढच्या वर्षी सेंट अँड्र्यूजला गोल्फच्या मैदानावर तो फेअर आयलचा स्वेटर घालून आला आणि तिकडे जो तो तसा स्वेटर मागू लागला. त्याच्या पायगुणाने इकडे कापड पेटलं, तिकडे धंदा.

एवढं असूनही या पुस्तकांत खरं असतं, आणि ते पुराणाहून सरस असतं. गॅन्सीची बाही खांद्याशी टाके उचलून खाली मनगटाकडे विणतात. कोपर किंवा मनगट विरलं की तेवढीच बाही खालून उसवायची आणि नव्याने विणायची. अख्खा स्वेटर टाकायची गरज नाही. हे वाचून पुणेकराचा ऊर भरून येतो. हेरिंग मासे साफ करणाऱ्या स्कॉटिश मुली हंगामाबरोबर शेटलंडपासून यार्मथपर्यंत बंदरं फिरायच्या, आणि हात मोकळे झाले की विणायच्या. शेजारणीच्या सुईवरचं डिझाइन आवडलं की उचललं. एका गावाची नक्षी त्या गावात राहणार कशी?

हे मला माझ्या डोंबिवलीच्या मावशीमुळे आधीच ठाऊक होतं. लोकलच्या लेडीज डब्यात समोरचीच्या हातातलं विणकाम ती ठाण्याला बघायला लागायची आणि दादरला उतरताना डिझाइन हिच्या डोक्यात. मी तिला अॅलिस स्टारमोरबाईंचं ‘अॅरन निटिंग’ दाखवलं. हे पुस्तक मधल्या काळात बाजारातून गेलं तेव्हा जुन्या प्रतीला लोक शेकडो डॉलर मोजत. मावशीने पुस्तकाची सगळी प्रस्तावना एका चिमटीत उलटली, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटोवर बोट ठेवून पुटपुटायला लागली, “दोन उलट, सहाचा पीळ, दोन उलट, मग चौकट...” शेवटी तिने शेजारचा तक्ता पाहिला आणि निर्वाळा दिला, “बरोबर छापलंय.”

मी दुसऱ्या एका पुस्तकातून वाचून दाखवलं, “मावशी, ही नागमोडी रेघ म्हणजे संसारातले चढउतार.”

“कसले रे चढउतार? नुसतं सुलट विणून कंटाळा येतो, म्हणून घातलीय.”

तोच स्वेटर तिने टोरांटोच्या नातवासाठी विणला. लोकर लुधियानाची, ती पण अॅक्रिलिक. बॉर्डर डब्यातल्या कुठल्याशा बाईची. शाळेत प्रत्येकाने आपल्याकडचं काही पारंपरिक आणायचं होतं, म्हणून नातवाने फोन केला, “आजी, हे डिझाइन कुठलं?”

मावशी क्षणभरही अडखळली नाही. “आपलंच. घराण्याचं. गुहागरचं.”

गुहागरला आमचे आजोबा जानेवारीतही उघड्या अंगाने ओटीवर बसत. पण मावशीला आता थांबवणं अवघड होतं. पीळ म्हणजे सुंभाचा दोर, चौकट म्हणजे आगरातले वाफे, नागमोडी रेघ म्हणजे भरतीच्या लाटा, असं सगळं तिने नातवाला सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं, बाईंनी ते इंग्रजीत सुंदर टाइप केलं आणि स्वेटरच्या फोटोसकट शाळेच्या अंकात छापलं. छापलं म्हणजे झालं! आता एखादा विणकाम येणारा बिशप टोरांटोला बदलून येईपर्यंत गुहागरचा हा स्वेटर प्राचीनच राहणार.