रहीमसाहेबांचा अर्ज नामंजूर

बऱ्हाणपूरच्या लालबागेत आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक नवी इमारत उभी राहिली आहे. नावात 'ग्रीन' आहे, त्यासाठी दोन कडुनिंब पाडावे लागले. दर्शनी बाजू वरपासून खालपर्यंत काचेची. बऱ्हाणपूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको: काचेतून ऊन फुकट आत घ्यायचं आणि एसी लावून पैसे मोजून बाहेर घालवायचं. पण गच्चीवर चार सोलर पॅनेल दिसतात. तेवढ्यावर इमारत 'शाश्वत' झाली.

म्हटलं, 'ग्रीन' रेटिंगचे तारे वाटायचेच तर लालबागेतल्या सगळ्यांत जुन्या बिल्डरलाही एखादा मिळावा. मग मनातल्या मनात अब्दुल रहीम खानखानांच्या नावाने अर्ज भरला. हो, तेच, दोहेवाले रहीम. प्रकल्पाचं नाव : कुंडी भंडारा. सुरुवात : १६१५.

टेबलापलीकडच्या साहेबांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"पंप किती अश्वशक्तीचा?"

"पंप नाही साहेब. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालीच धरलंय. पुढे बोगद्यातून उताराने आपोआप गावाकडे येतं. हवा-उजेडाला वर १०३ कुंड्या, एका रांगेत."

"विजेचा वापर?"

"शून्य."

"शून्य कसं चालेल? बचत कशातून दाखवणार? आधी शंभर युनिट जाळा, मग तीस वाचवा, त्या तिसांवर गुण मिळतात. मुळात जाळलंच नाही त्याला रकाना नाही."

पुढचा रकाना सल्लागाराचा. तिथे मी इराणी भूगर्भतज्ज्ञाचं नाव लिहिलं होतं, तबकुतुल अर्ज. अरबीत या नावाचा अर्थ जमिनीचे थर असा काहीसा होतो. माणसाच्या नावातच पात्रतेचा दाखला! साहेब म्हणाले, "नावात अर्ज आहे, पण अर्जाला जीएसटी नंबर नाही."

मग गाडी बांधकाम साहित्यावर आली. वीट आणि चुना, एवढंच मी लिहिलेलं. "लो-कार्बन सिमेंट का नाही वापरलं?" इथे मी जरा चिडलो, कारण हा विषय चिडण्यासारखाच आहे. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के. चुनखडी साधारण १४५० अंशांवर भाजून क्लिंकर करायचा; भट्टीच्या इंधनाचा धूर निघतो तो वेगळा आणि दगडातूनच सुटणारा कार्बन वेगळा. म्हणून आता स्वित्झर्लंडच्या आणि आपल्या आयआयटीच्या शास्त्रज्ञांनी मिळून नवं सिमेंट काढलंय : निम्मा क्लिंकर काढून टाकायचा आणि त्या जागी सात-आठशे अंशांवर भाजलेली चिकणमाती नि कच्ची चुनखडी घालायची. उत्सर्जन तीस-चाळीस टक्क्यांनी उतरतं. काम उत्तम आहे, थट्टा नाही. पण भाजलेल्या मातीची पूड चुन्यात कालवायची, याला आमचे जुने गवंडी सुरखी म्हणायचे. फुटक्या विटा कुटून करायचे. आज सुरखी मागायला गेलो, तर दुकानदार माझ्याकडे मी शहाजहानचा मुनीम असल्यासारखा पाहतो.

साहेबांनी शेवटी मुद्द्याचं विचारलं. "वॉरंटी किती?"

"चारशे वर्षं झाली. अजून पाणी येतंय."

"टायपिंगची चूक दिसते," म्हणत त्यांनी एक शून्य खोडलं.

मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेला आहे. शिवाय जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळाचं पाणी पोचल्याचं प्रमाणपत्र देशात सर्वांत आधी मिळालं ते आमच्याच बऱ्हाणपूर जिल्ह्याला. साहेब खुलले. "मग नळ आलाय ना! आता हे जुनं कशाला चालवता? वारसा म्हणून लिफ्टने ऐंशी फूट खाली उतरा, फोटो काढा, वर या."

फोटो काढणारे येतातच. खाली भिंतींवर क्षारांचे थर चढलेत, पाण्याची वाट अरुंद होतेय. वर जिकडेतिकडे बोअर. डोंगरातून झिरपणारं पाणी बोगद्यापर्यंत पोचायच्या आत कुणाची तरी मोटर ते ओढते. 'कुंडी'चं 'खूनी' भंडारा कसं झालं, यावर गावात वाद आहेत. आसपासच्या बोअरवेल मोजल्यावर मला हे दुसरं नाव बरोबर वाटू लागलंय. फक्त खून कुणाचा, ते नाव सांगत नाही.

शेजारच्या ग्रीन इमारतीचीही तिसरी बोअर कालच मारून झाली. समोरची हिरवळ टवटवीत राहायला हवी, तिला गुण आहेत.

अर्ज परत आलाय. शेरा असा : त्रुटी पूर्ण करून तीन प्रतींत फेरसादर करावा. सोबत पार्किंगचा नकाशा, सोलर पॅनेलचं बिल आणि अर्जदाराचा हयातीचा दाखला जोडावा.