उजनीचा गेम

2020 च्या टाळेबंदीत वुल्फ गुप्ता नावाचा एक पोरगा घराघरातल्या मोबाइलवर येऊन गेला. कोडिंग शिकला आणि गूगलने त्याला कोट्यवधींचा पगार दिला म्हणे. एका जाहिरातीत त्याचं वय एक, दुसऱ्या जाहिरातीत दुसरं, आणि पगार तर भुईमुगाच्या शेंगांच्या भावासारखा रोज वरखाली. शेवटी कळलं की पोरगा काल्पनिकच होता. जाहिरात मानक परिषदेने त्या कोडिंग-क्लासवाल्या कंपनीला काही जाहिराती मागे घ्यायला लावल्या. आईबापांनी भरलेली फी मात्र काल्पनिक नव्हती.

तेव्हापासून पोराने कोडिंग करायचं ते पगारासाठी, असा एक समज आपल्याकडे पक्का बसलाय. अपूर्णांक कळावेत म्हणून कुणी गेम बनवायला बसवतं का? बसवलं होतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या एका सरकारी शाळेत संशोधक यास्मिन काफाई यांनी चौथीच्या सोळा मुलांना रोज संगणकासमोर बसवलं आणि सांगितलं, धाकट्यांना अपूर्णांक शिकवणारा गेम तुम्ही बनवा. काही महिने हा उद्योग चालला, त्यावर 1995 मध्ये पुस्तक आलं. बहुतेक मुलांनी बनवलं काय? नायक मोहिमेवर निघतो, वाटेत कुणीतरी अडवतं, अपूर्णांकाचा प्रश्न विचारतं, उत्तर बरोबर आलं की पुढे सोडतं. म्हणजे आपली तोंडी परीक्षाच, फक्त बाहेरून मागवलेला परीक्षक. शाळा पोरांच्या डोक्यात किती खोल जाऊन बसते ते बघा. मोकळं रान दिलं तरी पोरं तिथे परीक्षाच पेरतात.

आपल्या सोलापूर जिल्ह्याला या भानगडी परक्या नाहीत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड चिकटवत बसले, 2017 मध्ये राज्य सरकारने ती कल्पना उचलली, आणि डिसेंबर 2020 मध्ये गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पुढे जानेवारी 2022 मध्ये हेच गुरुजी फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी रजा मागायला गेले, तर अर्ज असा अडकला की शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. जगातले शिक्षक हरवता येतात, रजेच्या अर्जाची लेव्हल पार होत नाही.

पण क्यूआर कोडमागचा व्हिडिओ मोठ्यांनी केलेला असतो, पोराने तो बघायचा असतो. पोराने स्वतः बनवायचं तर स्क्रॅच ही कोडिंगची भाषा आहे. एमआयटीने 2007 मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. फुकट आहे, ठोकळे जोडत जायचं आणि नेट नसलं तरी संगणकावर चालतं. वीज मात्र लागते. तिचं आपण बघू.

आता विषय काय द्यायचा? वाटेत अडवणारा राक्षस नको, उजनी द्या. धरण त्याच माढा तालुक्यात आहे आणि उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ ही हेडलाइन वाचूनच सोलापूरचं पोरगं मोठं होतं. ऋण संख्या पुस्तकात भेटायच्या आधी त्याला पेपरात भेटलेल्या असतात. समजा, एकाने गेम लिहायला घेतला: धरणातून पाणी सोडा. पहिला नियम त्याने घातला, साठा शून्य झाला की गेम ओव्हर. शेजारची पोरगी म्हणणार, अय येड्या, शून्याच्या खाली तर आपला खरा उन्हाळा सुरू होतो.

मग शोध सुरू. धरण 117 टीएमसीचं. त्यातला 63.66 मृतसाठा, उपयुक्त साठा 53.57, तो संपला की पेपरातलं शून्य. म्हणजे उणे पन्नास टक्के याचा अर्थ निम्मं धरण नव्हे. उपयुक्त साठ्याच्या निम्म्याइतकं पाणी, जवळपास 27 टीएमसी, मृतसाठ्यातून उपसलं आणि खाली साधारण 37 उरलं. त्यात गाळ किती, तो हिशेब वेगळा. टक्के काढायचे ते कशाचे, हा प्रश्न गणिताच्या तासाला विचारला तर वर्ग जांभया देतो. इथे तो चुकला तर स्क्रीनवरचं धरण भलत्याच वेळी कोरडं पडतं, आणि लाल पेन न उघडता पोराला आपली चूक कळते. ती कुठे आहे हेही त्यालाच हुडकावं लागतं. शिक्षकाने फक्त उत्तर सांगायची घाई करायची नाही. प्रशिक्षणात हे शिकवायला पाच दिवसही पुरणार नाहीत.

आणि पाणी द्यायचं कुणाला? सोलापूर शहराला प्यायला हवं, त्यासाठी वर्षानुवर्षं ते नदीतून पार औज बंधाऱ्यापर्यंत सोडत आणि वाटेत मुरेल ते मुरू देत. आषाढीला पंढरपुरात चंद्रभागेला पाणी हवं. कालव्याचं आवर्तन हवं. ऊस तर आहेच, तो कधी तहानलेला नसतो असं झालेलं नाही. प्रत्येकाला किती, आधी कुणाला, हे ठोकळे जोडताना लिहावंच लागतं. ‘योग्य ते नियोजन करण्यात येईल’ हे वाक्य स्क्रॅचमध्ये चालत नाही. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र एका बैठकीत. पोरगं विचारणार, सर, हे खरं ठरवतं कोण? सर सांगणार, कालवा सल्लागार समिती. अध्यक्ष कोण? पालकमंत्री. मग सर म्हणणार, तू कोडिंग कर.

शेवटी पोराने आपल्या अकलेने नियम लिहिला: साठा शून्याच्या खाली गेला की आधी पिण्याचं पाणी, मग जनावरं, ऊस सगळ्यात शेवटी. गेम जूनपर्यंत झकास चालला. सरांनी तो प्रदर्शनात मांडायचं ठरवलं, उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांना बोलावलं. अध्यक्ष म्हणजे साखर कारखान्याचे चेअरमन. त्यांनी गेम बघितला, पोराच्या पाठीवर थाप मारली, आणि सरांना बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या वर्षी सौरमालेवर काहीतरी करा.