चारशे मीटरच्या धावपट्टीबाईंना अनावृत पत्र

प्रति,
मा. धावपट्टी क्र. १२/३०,
हुआंचो इराउस्किन विमानतळ, फ्लॅट पॉइंट,
साबा बेट, कॅरिबियन समुद्र.

विषय: आपल्या अपुऱ्या लांबीमुळे प्रवाशांच्या होत असलेल्या मानसिक कुचंबणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते, की आपली लांबी ४०० मीटर आहे. आपणांस हे ठाऊक असणारच, पण एकदा कागदावर आलेलं बरं. नियमित प्रवासी विमानं जिथे उतरतात अशा धावपट्ट्यांत जगातली सगळ्यांत आखूड म्हणून आपला लौकिक आहे. आमच्या नौदलाची ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आहे. म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजापेक्षा आपण, पक्क्या जमिनीवर बसूनही, कशाबशा १३८ मीटरनी सरस. बरं, जहाजावर उतरणाऱ्या लढाऊ विमानाला धरून ठेवायला पोलादी दोर तरी असतात. आपल्याकडे या टोकाला कडा, त्या टोकाला कडा, दोन्हींखाली समुद्र आणि एका अंगाला डोंगर. विमान थांबवण्याची सगळी जबाबदारी वैमानिकावर ढकलून आपण मोकळ्या झालेल्या दिसता.

त्यात आपल्या अंगावरच्या त्या फुल्या! टोकांना ठळक रंगवलेल्या या फुल्यांचा अर्थ असा, की व्यापारी विमानांनो, इथे उतरू नका. आणि रीतसर तिकीट काढलेली माणसं घेऊन व्यापारी विमान त्याच फुलीवरून रोज उतरतं, खास परवानगीनं! ‘प्रवेश बंद’ची पाटी आणि तिच्याच खालून वहिवाट, हा प्रकार आम्हाला परका नाही. पण आपण पडल्या नेदरलँड्सच्या राज्यातल्या. १० ऑक्टोबर २०१० पासून साबा ही त्या देशाची खास नगरपालिका आहे. डच माणूस कागदाला पक्का, अशी आमची समजूत होती.

नेदरलँड्सचं नाव निघालंच आहे तर एक शंका. सपाटपणाबद्दल जगात प्रसिद्ध असलेल्या त्या राज्यातलं सगळ्यांत उंच शिखर, ८८७ मीटरचं माउंट सीनरी, नेमकं आपल्या डोक्यावर कसं आलं? सगळी सपाटी तिकडे युरोपात वाटून झाली आणि या १३ चौरस किलोमीटरच्या बेटाला फ्लॅट पॉइंटचा एवढासा तुकडा उरला. भावकीच्या वाटणीतही इतका अन्याय होत नाही.

आता आगमनाविषयी. सिंट मार्टिनहून आपल्याकडे यायला विमानाला जेमतेम पाव तास लागतो. इतक्यात चहा येत नाही, सिनेमा लागत नाही, डुलकी तर दूरच. विमान ट्विन ऑटर, आसनं १९. शेजारचा प्रवासी किती घाबरलाय हे न विचारता कळतं, कारण त्याचा खांदा आपल्या खांद्याला लागलेला असतो. वैमानिक आणि आम्ही प्रवासी यांच्यात लपवाछपवीला जागा नाही. पुढच्या रांगेतून त्यांची मान दिसते, कॉलरवरचा घाम दिसतो, समोरची काचही दिसते. या विमानात इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्या छताला असतात. त्यामुळे ऐन उतरायच्या वेळी वैमानिकाचा एक हात वर जातो, लोकलमध्ये कडी धरून उभं राहावं तसा. आयुष्यभर ज्या कृतीकडे आपण ढुंकूनही पाहिलं नाही, तिच्याकडे तेव्हा डोळ्यांची पापणी न लववता पाहावं लागतं.

त्या काचेत आधी समुद्र असतो, मग कडा. कडा मोठा होत जातो. त्यावरची झुडपं वेगवेगळी दिसू लागतात, खडकातल्या भेगा दिसू लागतात. आता काय, असं मनात येईतो विमान डावीकडे कलतं आणि समोर आपण! राखाडी, आखूड, आणि शेवटी पुन्हा पाणी. चाकं टेकतात तशी पंख्यांची पाती उलटा जोर लावतात, सगळा सांगाडा थरथरतो, आणि धावपट्टीचा काही भाग शिल्लक असतानाच विमान वळून आपल्या जागी जायला लागतं.

महोदया, ही पद्धत योग्य नाही. मोठ्या विमानतळावर माणूस उतरतो तेव्हा आपण उतरलो हे त्याला कळायचं काही कारण नसतं. विमान टेकलं तरी अर्धा तास ते गावभर फिरतं. मग बस, मग सरकते जिने, मग अत्तरं आणि चॉकलेटं यांच्यामधून आखलेली वळणावळणाची वाट. आपण कुठे आलो ही जाणीव बोथट व्हायला भरपूर अवधी मिळतो. आपल्याकडे दार उघडलं की वारा, मीठ आणि डोंगर एकदम अंगावर येतात. मोजकी पावलं टाकली की इमारत. विमान कंपनीचं कार्यालय, पारपत्र तपासणी, सुरक्षा, एकुलत्या एका बंबासकट अग्निशमन दल आणि मनोरा, हा सगळा संसार तिच्यात. मनोरा म्हणावा, तर तो फक्त सल्ला देतो, हुकूम देत नाही. विमानाचं इंधन बेटावर मिळत नाही. अत्तर तर नाहीच. बाहेर पडल्यावर टॅक्सीवाला चढणीला लागतो आणि पहिलं गाव दाखवतो ते हेल्स गेट. सरकारी कागदांत त्याचं नाव झायन्स हिल आहे, पण तोंडी नाव बदलायला कोणी तयार नाही. नुकत्याच आपल्यावर उतरलेल्या माणसाला असं नाव ऐकवणं बरं दिसतं का?

आपल्या घराण्याचा इतिहास तपासला असता ही खोड जुनीच असल्याचं आढळून आलं. आपण नव्हत्या तेव्हा माणसं होडीतून लाटा चुकवत खडकावर उडी मारायची आणि लॅडर बे इथल्या कातळात खोदलेल्या सुमारे ८०० पायऱ्या चढायची. सामान डोक्यावर. जकातीचं नाकंसुद्धा त्या चढणीवरच. त्याची इमारत आजही उभी आहे. इतकं चढून आलेल्या माणसाला अडवून ‘काही जाहीर करायचं आहे का?’ म्हणून विचारणाऱ्या अंमलदाराची छाती मोठी असली पाहिजे.

मग रस्ता हवासा वाटू लागला. डच अभियंत्यांनी पाहणी करून सांगितलं, या उतारावर रस्ता होणं शक्य नाही. तज्ज्ञांचा अभिप्राय आला की सुसंस्कृत समाजात विषय तिथेच संपतो. साबात जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल नावाच्या गृहस्थांनी टपालानं अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम मागवला, घरबसल्या केला, आणि १९३८ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून कामाला सुरुवात केली. यंत्रं नव्हतीच, हात, पहारी आणि टोपल्या. १९४३ मध्ये फोर्ट बे ते द बॉटम हा पहिला टप्पा झाला. १९४७ मध्ये बेटावर पहिली मोटार आली. रस्ता आजही वापरात आहे, आणि त्याचं नाव नुसतं ‘द रोड’. दुसरा नाहीच, मग नाव ठेवायचं कशाला?

आपला जन्मही याच बेशिस्तीतला. शेजारच्या सेंट बार्ट्स बेटावर रेमी द हानेन नावाचे वैमानिक होते, पुढे तिथले महापौर झाले. त्यांनी वरून फिरून फ्लॅट पॉइंट हेरला आणि म्हणाले, एवढे दगड काढा, मी उतरून दाखवतो. साबाच्या लोकांनी हातांनी दगड उचलले. ९ फेब्रुवारी १९५९ रोजी हानेन उतरले आणि बघायला बेट लोटलं. निविदा नाही, भूमिपूजन नाही, कोनशिला नाही. विमान आधी उतरलं, विमानतळ मागाहून, १९६३ मध्ये, सुरू झाला. तज्ज्ञ नको म्हणाले ते काम टपालावर शिकलेल्या माणसानं करायचं, आणि मंजुरीआधी विमान उतरवून दाखवायचं! हे पायंडे इतरत्र पडले तर कित्येक समित्यांना काम उरणार नाही.

सुधारणेला वाव आहे, म्हणूनच हा पत्रप्रपंच. आमच्याकडचं उदाहरण घ्या. नवी मुंबईच्या विमानतळाला उलव्याचा डोंगर आडवा आला. आम्ही धावपट्टी आखूड केली नाही. नव्वदएक मीटरचा डोंगर सुरुंग लावून सपाट केला, उलवे नदीला दुसरी वाट दाखवली, गावं हलवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटनही झालं. विमानाला त्रास होता कामा नये, डोंगरानं समजून घ्यावं. आपल्याकडे गेली साठ वर्षं डोंगर जागच्या जागी आहे आणि समजून घेतंय ते विमान. माउंट सीनरी थोडा तासला तर भर टाकायला माती मिळेल, समुद्र थोडा मागे सरेल, जेट उतरतील. लाल छपरांची, हिरव्या झडपांची ती पांढरी घरं जातील, पण त्यांची चित्रं नव्या टर्मिनलच्या भिंतीवर लावता येतील. अशी चित्रं लावण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही.

नाहीतर शेजारच्या सिंट मार्टिनच्या प्रिन्सेस ज्युलियाना बाईंकडे पाहा. २३०० मीटर! माहो किनाऱ्यावर लोक कुंपणाला लोंबकळून अंगावरून जाणारी विमानं बघतात. २०१६ पर्यंत तर जंबो जेटही यायचं. इंजिनाच्या झोतानं जीव जाईल असे फलक लावलेत, आणि २०१७ मध्ये एका पर्यटक बाईंचा खरोखरच गेला. तरी गर्दी हटत नाही. तिथे धोका ही हौस आहे. आपल्याकडे धोका हे काम आहे, आणि ते ज्याला नेमून दिलंय तोच करतो. खास प्रशिक्षण घेतल्याशिवाय वैमानिकाला आपल्या अंगणात पाऊल टाकता येत नाही. म्हणूनच की काय, इतक्या बदनामीनंतरही आपल्या नावावर मोठा अपघात नाही. ही बाब तक्रारीला बाधक असल्यामुळे इथे अधिक लिहीत नाही.

प्रस्थानाबाबत मात्र ठामपणे लिहावं लागतं. निघताना सामानाचं वजन होतं तसं माणसाचंही महत्त्व किलोत ठरतं. आखूड धावपट्टीवरून जड विमान उठत नाही, हे शास्त्र मान्य. पण त्यामुळे कधी एखादी बॅग मागे राहते आणि धनी पुढे जातो. वारा बिघडला की विमानच येत नाही; मग काउंटरवर कोणाशी हुज्जत घालायची? वाऱ्याला अर्ज करता येत नाही. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिका-कॅनडातून आलेली मुलं शिकतात. परीक्षा संपवून घरी निघालेल्या त्या मुलांना झाडाची फांदी किती हलते यावरून आपली पुढची सगळी विमानं मिळतील की नाही याचा अंदाज बांधताना पाहिलं आहे. शरीरशास्त्रापेक्षा हे लवकर येतं म्हणे.

आणि निरोपाचं काय? बेटाची वस्ती दोनेक हजार. कोण चाललंय आणि कशाला चाललंय हे बाकीच्यांना ठाऊक. आजी-आजोबा कुंपणापाशी उभे असतात. विमान अगदी टोकाला जाऊन तोंड फिरवतं, ब्रेक दाबून धरतं, दोन्ही इंजिनं पूर्ण जोरात आणतं. खिडकीच्या काचा दातांसारख्या वाजतात. मग ब्रेक सुटतो. आजोबांनी वर केलेला हात खाली यायच्या आत चाकांची खडखड थांबलेली असते, जमीन संपलेली असते आणि नातू समुद्रावर असतो. रीतसर रडायला एवढा वेळ पुरतो का? मोठ्या विमानतळांवर दाराशीच पोलीस ओळखपत्र मागतो, निरोप फुटपाथवरच उरकतो, आणि पुढचे तीन तास प्रवासी रांगांमध्ये इतका पिचतो, की घरच्यांची आठवण आपोआप मागे पडते. ही सोय आपल्याकडे उपलब्ध नाही.

तरी आपली लांबी शक्य तितक्या लवकर वाढवून अनुपालन अहवाल सादर करावा. वाढवणं शक्य नसल्यास, म्हणजे दोन्हीकडे समुद्रच असल्यास, तसं लेखी कळवावं, जेणेकरून सदर प्रकरण दप्तरी दाखल करता येईल.

कळावे.

आपला,
पुढच्या रांगेतला एक प्रवासी

प्रत माहितीसाठी:
कॅरिबियन समुद्रावरील पूर्वेचे व्यापारी वारे, यांस. (दुपारच्या विमानाच्या वेळी जरा सबुरीनं घ्यावं.)

सहपत्रे: वजन जास्त भरल्यामुळे या विमानातून पाठवता आलेली नाहीत. वाऱ्याचा नूर पाहून मागाहून रवाना करण्यात येतील.