जन्मतारीख : १ जून

आमच्या कार्यालयात माझ्याशिवाय कुणालाही धड मराठी लिहिता येत नाही, असं माझं मत आहे. आपल्या गळ्यात काम पडू नये म्हणून बाकीच्यांनी ते बिनविरोध मान्य केलंय. त्यामुळे पाण्याची टाकी धुण्याची सूचना असो की कुणाच्या सेवानिवृत्तीची, कागद माझ्याच टेबलावर येतो. त्यातल्या त्यात मला सेवानिवृत्ती आवडते. टाकीला विशेषणं लावता येत नाहीत.

२०१९च्या मे महिन्यात आवक-जावकचे भाऊसाहेब निवृत्त व्हायचे होते. या वेळी 'शांत, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष' लिहायचं नाही, असं मी ठरवलं. हीच तीन विशेषणं आम्ही आदल्या वर्षी एका साहेबांना लावली होती, ज्यांच्या बदलीसाठी अख्ख्या शाखेनं नवस बोलले होते. मी जरा वरच्या पट्टीत लागलो. पहिल्या परिच्छेदात गुलमोहर फुलला, दुसऱ्यात कर्मयोग आला, भाऊसाहेबांचं नाव तिसऱ्यात उगवलं. समारंभाची वेळ चौथ्यातही आली नव्हती.

पाचव्याला मजकूर हवा म्हणून आस्थापनेतून त्यांचं सेवापुस्तक मागवलं. पहिल्याच पानावर डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, उंची, ओळखीची खूण : उजव्या भुवईवर व्रण. आणि जन्मतारीख, अक्षरी : एक जून एकोणीसशे एकसष्ट.

आता इथे मला आवरू नका. एक जून हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. आपल्याकडे एका पिढीतला निम्मा महाराष्ट्र या दिवशी जन्मला, आणि ते सगळं श्रेय गुरुजींचं. शाळा जूनमध्ये उघडायची. पोरानं डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडला की वय भरलं. लिहा एक जून. अठ्ठावन्न वर्षांनी सरकार त्या कानाचा हिशेब करतं. त्यातही एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मेला सरकारी कचेऱ्या ओस पडतात आणि शाल-श्रीफळवाल्यांची दिवाळी होते.

खरीखुरी एक जूनची मंडळीही आहेत. डेक्कन क्वीन सुरू झाली १ जून १९३० रोजी. एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्याला आली १ जून १९४८ रोजी. या दोघींच्या तारखेत कुठल्याही गुरुजींचा हात नाही. रेल्वे केंद्राची, तिला साठ धरले तर डेक्कन क्वीन १९९०च्या ३१ मेला घरी बसायला हवी होती. एसटी राज्याची, ती अठ्ठावन्नला, म्हणजे २००६ साली. पण दोघींना मुदतवाढ मिळतेच आहे, आणि डेक्कन क्वीनसाठी तर दर वर्षी पुणे स्टेशनात केकही कापतात.

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांचं शिक्के मारणं चालूच होतं.

"मी कागदावरचा एक जून," ते म्हणाले. "पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आठ दिवसांचा होतो. नारायण पेठेत राहायचो. आई मला पोटाशी धरून पर्वतीकडे पळाली. आजोबांनी पंचांगात जन्मवेळ लिहून ठेवली होती. पंचांग गेलं मुठेत."

म्हणजे खरा जन्म ४ जुलैचा. पण गुरुजी म्हणाले, जुलैचा असेल तर पुढच्या वर्षी आणा. वडील म्हणाले, मग जूनचा लिहा.

भाऊसाहेबांनी आयुष्यभर आल्या कागदावर आल्या दिवसाचाच शिक्का मारला. 'जरा मागची तारीख घाला' म्हणणारे साहेब आले नि गेले. शिक्का हलला नाही. आणि या माणसाच्या जन्मालाच मागची तारीख. सरळ हिशेब केला तर दोन महिन्यांचा पगार बुडाला. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना. जन्मतारीख बदलायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो.

"मग केला का नाहीत?"

"करायला बसलो होतो. पण त्यात लिहावं लागत होतं की वडील खोटं बोलले."

मग त्यांनी माझी सूचना वाचायला घेतली. "गुलमोहर काढा. तो मागच्या पावसाळ्यात पडला. हा कर्मयोग कुणाचा? माझा? काढा. आणि चारची वेळ नको, पावणेचार करा. चारला चहा येतो, मग भाषण कोण ऐकतो?"

उरल्या तीन ओळी. त्यांवर त्यांनी स्वतःच्या हातानं जावक क्रमांक टाकला आणि मला फलकाकडे पिटाळलं. गुलमोहराचा परिच्छेद मी एका दिवाळी अंकासाठी जपून ठेवलाय.

३१ तारखेला हार-तुरे झाले, चहा वेळेवर आला. मी विचारलं, "भाऊसाहेब, उद्या काय करणार?"

"सकाळी सव्वासातच्या आत स्टेशनवर. केक असतो म्हणालात ना?"