पंचावन्न इंची स्वारी

काकांची एक जुनी श्रद्धा आहे. विजेवर चालणारी कोणतीही वस्तू घ्यायची तर पुण्याच्या तापकीर गल्लीतच जायचं. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हापासून त्यांचा हा नेम. त्यामुळे मोठ्या पडद्याचा टीव्ही घ्यायचं ठरल्यावर, कोथरूडमध्ये चार पावलांवर शोरूम असूनही स्वारी वनाजच्या मेट्रो स्थानकावर आली. काकांच्या डोक्यात 45,000 रुपयांची मर्यादा होती, पुतण्याच्या फोनमध्ये अठरा मॉडेलांचा तक्ता होता आणि काकूंच्या पर्समध्ये शिवणाची टेप होती.

मेट्रो नळस्टॉप, डेक्कन करत, मुठेच्या कडेकडेने जिल्हा न्यायालय स्थानकात पोहोचली. इथे गाडी बदलायची, म्हणजे पुलावरून उतरून जमिनीखाली सुमारे 33 मीटर जायचं. एकामागून एक सरकते जिने संपेचनात. पुतण्याने वाटेत 65 इंचांचे भाव वाचायला घेतले.

"आपण खाली चाललोय आणि तुझे आकडे वर," काका म्हणाले.

मंडईला उतरून, गर्दी कापत तिघे तापकीर गल्लीत शिरले. वायरींची भेंडोळी, दिव्यांच्या माळा, स्विच, पंखे, कुठल्याही रिमोटची प्रतिकृती. नव्हता तो फक्त काकांच्या मापाचा टीव्ही. एका दुकानदाराने गल्लीच्या रुंदीकडे नजर टाकून विचारलं, "पासष्ट इंची खोका इथून बाहेर कसा न्याल?" भिंतीवर टांगायचं ब्रॅकेट मात्र त्याच्याकडे होतं. पण टीव्हीच्या मागच्या स्क्रूंचं अंतर माहीत असल्याशिवाय ब्रॅकेट घेऊ नका, असंही त्यानेच सांगितलं. दिवसभरातला हा एकमेव सल्ला, ज्यात सांगणाऱ्याचा तोटा होता.

तिथून रिक्षाने टिळक रस्ता. शोरूमच्या दारात पाय ठेवताच गारवा आणि पोपट. शोरूममधल्या टीव्हींवर कायम पोपट असतात, नाहीतर सावकाश ओघळणारा मध. कंपन्या हे खास चित्रण तयार करून पाठवतात, त्यातले रंग मुद्दाम निवडलेले असतात आणि दुकानात टीव्हीही झगझगीत मोडवर ठेवलेला असतो. चाळीस दिव्यांच्या उजेडात दुसऱ्या कुणापेक्षा फिका पडून चालत नाही. घरच्या हॉलमध्ये तोच मोड लावला की बातम्या देणारी बाई नुकतीच हळद लागल्यासारखी दिसते.

"आमच्याकडे पोपट येत नाहीत हो," काकू म्हणाल्या. "मराठी मालिका लावा."

विक्रेत्याचा चेहरा पडला, कारण हा प्रश्न अवघड होता. फोर-के पडद्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख ठिपके असतात. साध्या, एचडी नसलेल्या वाहिनीचं चित्र 720 गुणिले 576 चं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आतलं. एकेका ठिपक्याला वीस ठिपक्यांची जागा भरायची असते. टीव्हीतली चिप अंदाजपंचे ती भरते. चिप हुशार असेल तर बरं, नसेल तर नायिकेच्या साडीचा काठ पदरासकट वितळतो. स्वस्त आणि महाग टीव्हीतला फरक पोपटावर कळत नाही, तो इथे कळतो. मालिका लागली तेव्हा शेजारी शेजारी असलेल्या दोन टीव्हींपैकी दहा हजारांनी स्वस्त असलेल्यात सासूबाईंना नाक नव्हतं.

पुतण्याने तक्ता उघडला. मग क्यूएलईडी आणि ओएलईडीचा घाट सुरू झाला. नावं जुळ्या भावांची, घराणी वेगळी. क्यूएलईडी हा मुळात एलसीडीच. मागून दिवा आणि पुढे रंग शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून त्यातला काळा रंग खरोखर काळा. विक्रेत्याने ओएलईडीवर रात्रीचं आकाश दाखवलं. काका भान हरपून पाहत राहिले. मग त्यांनी खालची किंमत पाहिली आणि लाखाच्या वरचा आकडा वाचून सूर्योदय झाल्यासारखे भानावर आले.

पुढचा मुक्काम सिनेमा. काकांनी एक जुना हिंदी चित्रपट लावायला सांगितला, तर नायक घसरपट्टीवरून आल्यासारखा गुळगुळीत चालत आला. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं आपल्या मनाने रचून घालतो, म्हणून सिनेमाची मालिका होते. या सोयीला वैतागून खुद्द टॉम क्रूझने डिसेंबर 2018 मध्ये व्हिडिओ काढून लोकांना ती बंद करायला सांगितलं होतं. क्रिकेटला चेंडू सलग दिसतो म्हणून ती बरी. पुतण्याने सेटिंगमध्ये शिरून ती बंद केली. विक्रेता म्हणाला, "साहेब, हे बटण आम्हालाही माहीत नव्हतं."

आता आकार. काकांचा जीव 65 वर. युक्तिवाद तयार होता: 32 इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय. करापूर्वी 40,000 चा टीव्ही आधी 51,200 ला पडायचा, आता 47,200 ला. "म्हणजे चार हजार वाचले!" असं म्हणून त्यांनी ते चार हजार लगेच दहा इंचांवर लावले. शिवाय बिनव्याजी हप्ते होतेच. पुतण्याने बारीक अक्षरं वाचून दाखवली: व्याजाइतकी सूट दुकान देतं, पण बँकेच्या लेखी व्याज असतंच, त्यावर 18 टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी. बँकेतून निवृत्त झालेले काका यावर काही बोलले नाहीत.

शेवटी काकूंनी पर्समधून टेप काढली. टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. शोकेस मात्र आडवं असतं. पासष्टचा पडदा जवळपास 57 इंच रुंद, पंचावन्नचा 48. घरच्या शोकेसचा कप्पा 50. त्यांनी दोन्ही टीव्हींना टेप लावून, कडेच्या पट्टीसकट मोजलं, ब्लाउजचं माप घ्यावं तसं.

"शोकेस कापू," काका म्हणाले.

"माझ्या माहेरचं आहे ते."

पासष्ट तिथेच बाद झाला. पुतण्याने काकांची समजूत काढायला हिशोब मांडला: सोफा ते भिंत सात फूट, आणि पंचावन्न इंचांना फोर-के चित्रासाठी साडेपाच ते साडेसात फूट अंतर बरोब्बर. घरातल्या जुन्या 43 पेक्षा पडदा क्षेत्रफळाने 64 टक्के मोठा. काकांनी ते 64 टक्के तेवढे लक्षात ठेवले. मालिकेत ज्याच्यावर सासूबाईंच्या नाकाला धक्का लागला नव्हता, तो 55 इंची क्यूएलईडी घासाघीस होऊन 46,500 ला ठरला. मर्यादेवरचे दीड हजार जुन्या टीव्हीच्या बदल्यात वळते झाले.

बिल होत असताना विक्रेत्याने शेवटचा डाव टाकला. त्याने साउंडबारकडे बोट दाखवलं.

"काकू, इतक्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागा नसते. ते खाली तोंड करून बसवलेले असतात. काकांना बातम्यांचा आवाज जरा कमीच येईल."

"कमी येईल?" काकूंनी टेपची गुंडाळी पर्समध्ये टाकली. "अहो, द्या पैसे यांना लवकर."