अजिबात हलू नका

एमआरआयच्या बोगद्यात डोकं सरकवण्याआधी तंत्रज्ञ मुलाने माझ्याकडून घड्याळ, पट्टा, चष्मा, खिशातली चिल्लर आणि बनियनला लावलेली सेफ्टी पिन काढून घेतली. पिनेकडे त्याने जरा जास्तच वेळ बघितलं. मग कानात बोळे घातले, हातात एक रबरी फुगा दिला. "काका, काही त्रास वाटला तर हा दाबा. पण अजिबात हलू नका हं."

"श्वास घेऊ का?"

"घ्या की," तो म्हणाला. परवानगी होती, पण मनापासून नव्हती.

मला अधूनमधून चक्कर यायची म्हणून ही तपासणी. (घरच्यांच्या मते ते पित्तच होतं, आणि शेवटी निघालंही तसंच काहीतरी.) आत गेल्यावर आधी रस्ता खोदल्यासारखा आवाज झाला, मग कुणीतरी पत्र्यावर तबल्याचा रियाज करायला घेतला. तीन टेस्लाचं ते यंत्र. पृथ्वीचं चुंबकत्व होकायंत्राची सुई हलवतं, त्याच्या पन्नास-साठ हजार पट ताकद त्या नळकांड्यात. त्यात तारांच्या वेटोळ्यांमधून वीज चालू-बंद होते, वेटोळी थरथरतात, तोच तो ठणठणाट. मध्येच तो थांबला की कानात बोळ्यांमागे माझीच नाडी ऐकू यायची. धप, धप. आणि लक्षात आलं, उशीच्या खोबणीत घट्ट बसवलेलं माझं डोकं प्रत्येक ठोक्याला अगदी कणभर होकार देत होतं. न हलण्याची आज्ञा मी पाळत होतो, माझं हृदय पाळत नव्हतं.

घरी आल्यावर वाचायला बसलो, तेव्हा त्या मुलाच्या आवाजातल्या नाराजीचा उगम कळला. मेंदू कसा काम करतो हे एमआरआयने पाहणाऱ्या संशोधकांना रुग्णाच्या श्वासाने आणि हृदयाच्या ठोक्यांनी वर्षानुवर्षं पिडलं आहे. त्यांना बघायचा असतो विचार, आणि चित्रात येते धडधड. म्हणून बोटाला चिमटा लावून नाडी मोजायची, पोटाला पट्टा बांधून श्वास मोजायचा, आणि मग गणित करून दोन्ही चित्रातून वजा करायचे. त्यांच्या भाषेत हा सगळा गोंगाट. जिवंत माणसाच्या अभ्यासातली मोठी अडचण कोणती, तर तो जिवंत आहे.

खरं तर मेंदू हलतो हे आपल्या घरोघरी माहीत होतं. माझी नात तीन महिन्यांची आहे. तिला न्हाऊ घालण्याआधी तिची आजी टाळू भरते. कोमट तेल तळव्यावर घेऊन बोटांनी हळूच टाळूवर थापते. तेल लावलेली ती मऊ जागा उजेडात चमकते आणि लयीत खालीवर होत राहते. "टाळू उडतेय बघ," आजी म्हणते. चित्रातून काही वजा नाही, फुगा नाही, चिल्लर काढून ठेवायची गरज नाही.

मोठ्यांची टाळू उडताना दिसली, ती इटलीत. तुरिनच्या आन्जेलो मोसो या शरीरशास्त्रज्ञाला 1877 च्या सुमारास बेर्तिनो नावाचा एक शेतकरी भेटला. डोक्यात वीट पडून त्याच्या कवटीला भोक पडलं होतं. मोसोने त्या जागेवर उपकरण बसवून मेंदूची उडी कागदावर उतरवून घ्यायला सुरुवात केली. एकदा चर्चची घंटा वाजली आणि मेंदूचे ठोके एकदम मोठे झाले. घंटा ऐकून प्रार्थना म्हणायची आठवण झाली का, असं मोसोने विचारलं. बेर्तिनो हो म्हणाला, ठोके पुन्हा वाढले. त्याला आठ गुणिले बारा किती हेही विचारलं गेलं, तेव्हाही तेच. बारा आठे शहाण्णव म्हणताना माझ्या मेंदूतही धडधड वाढायची, पण समोर मास्तर असल्यामुळे ती भीतीची की गणिताची हे कुणी मोजलं नाही.

टाळू बंद झाली की मात्र मामला झाकून जातो. कवटी म्हणजे पक्कं खोकं. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी, म्हणजे मस्तिष्कद्रव. ते मेंदू-मणका मिळून साधारण 150 मिलिलिटर, एक कप चहाएवढं. त्या पाण्यावर तरंगत असल्यामुळे चौदाशे ग्रॅमच्या मेंदूचं वजन आत जेमतेम पन्नास ग्रॅम भरतं. खोकं ताणलं जात नाही, म्हणून एक गोष्ट आत आली तर दुसरीने बाहेर पडलंच पाहिजे. एडिंबरोच्या मन्रो आणि लीथच्या केली या डॉक्टरांनी हा सिद्धांत अनुक्रमे 1783 आणि 1824 मध्ये मांडला. संध्याकाळच्या कर्जत फास्टने प्रवास करणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. दादरला चार चढले की दोन्हीकडच्या गर्दीला अंग चोरावंच लागतं. हृदयाचा ठोका रक्त आत ढकलतो, पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं. आपण खोल श्वास घेतो, छातीतला दाब कमी होतो, मेंदूतलं अशुद्ध रक्त खाली ओढलं जातं, आणि रिकाम्या जागेत पाणी वर चढतं. श्वासाबरोबरची ही भरती 2015 मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी चालू एमआरआयमध्ये पाहिली. ही बातमी मी घरात सांगितलेली नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पहाटे साडेपाचला प्राणायाम असतो.

पण ठोका न् ठोका टिपायला नेहमीचं यंत्र फार संथ, पूर्ण मेंदूचं चित्र ते दोन-तीन सेकंदांना एक काढायचं. फळ्यावर लिहिता लिहिता मास्तरांनी मध्येच वळून बघावं तसं. खडू कुणी कुणाला मारला हे त्यांना कधीच कळत नाही, फक्त वर्ग बिघडलेला दिसतो. जर्मनीतल्याच फ्रायबुर्गच्या युर्गन हेनिग यांच्या गटाने एक झटपट पद्धत विकसित केली, तिच्यामुळे सगळ्या मेंदूचं चित्र सेकंदात दहा वेळा मिळू लागलं. चित्र थोडं धूसर येतं, पण मास्तर आता फळ्याकडे वळतच नाहीत.

ती पद्धत घेऊन फिनलंडच्या उत्तरेला ओउलू विद्यापीठात वेसा किविनिएमी आणि त्यांचे सहकारी बसले, आणि त्यांनी गोंगाट वजा करण्याऐवजी गोंगाटच बघितला. 2016 मध्ये त्यांनी सांगितलं की मेंदूत तीन लाटा वेगवेगळ्या दिसतात. एक हृदयाची, रोहिण्यांपासून निघून बाहेर पसरणारी. दुसरी श्वासाची, शिरांच्या आसपास जास्त ठसठशीत. तिसरी फार संथ, दहा सेकंदांहून जास्त वेळ घेणारी, रक्तवाहिन्यांच्या स्वतःच्या आकुंचनाची. या लाटा मस्तिष्कद्रव ढकलून मेंदूतला टाकाऊ माल हलवत असाव्यात असा त्यांचा कयास. मेंदूची अशी सफाईव्यवस्था असते हे 2012 मध्ये अमेरिकेत मायकेन नेडरगार्ड यांच्या प्रयोगशाळेने उंदरांत दाखवलं होतं. माणसात ती किती आणि नेमकी कशी चालते यावर अजून जोरदार वाद आहेत. पण मला त्यातला न्याय आवडला. ज्याला कचरा म्हणून इतकी वर्षं चित्रातून झाडून टाकलं, तोच कचरा काढणारा निघायची शक्यता आहे.

2022 मध्ये याच गटाने झोपलेल्या माणसांना यंत्रात घालून पाहिलं. (त्या पत्र्याच्या तबल्यात झोपू शकणारी माणसं त्यांना मिळाली, यालाच मी निम्मा शोध मानतो.) जागेपणातून झोपेत जाताना श्वासाची आणि ती संथ, अशा दोन्ही लाटा जोर धरतात. तेव्हापासून दुपारी मी झोपत नाही, डोक्यात केरवारे काढत असतो. घरात कुणी याला फारशी मान्यता दिलेली नाही.

माझ्या फिल्म कपाटात आहेत. बारा करडे चौकोन, सगळे स्तब्ध. त्या दिवशी धपधप करणारं ते हेच डोकं, हे सांगूनही कुणाला पटणार नाही. तेव्हा घरात तान्हं बाळ असेल, तर उद्या टाळू भरताना उजेडाकडे तोंड करून बसा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. बोट दाबू नका. दीड-दोन वर्षांत टाळू भरून येते. त्यानंतर बघायचं तर ओउलूला जावं लागतं, आणि तिथे हिवाळ्यात फार थंडी असते.