असू दे, लागेल

डायनिंग टेबल जेवण्यासाठी असतं, असं फक्त फर्निचरच्या दुकानदाराला वाटतं. आमच्या सोसायटीतल्या कुठल्याही घरात डोकावून बघा. माणसं ताटं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलेली असतात आणि टेबलावर विजेचं बिल, बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी, लोणच्याची बरणी, निवडायला काढलेली मेथीची जुडी, कुणाचा तरी चार्जर, स्कूटरची किल्ली आणि एक लग्नपत्रिका, अशी सगळी मंडळी जमलेली असते. पत्रिकेतलं जोडपं केव्हाच मनालीहून परत आलेलं असतं. तरी पत्रिका हलत नाही, कारण तिच्यावर गणपती छापलाय. गणपतीला रद्दीत कसं घालणार? माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, यावर तोडगा काढला. चित्र कात्रीने कापून घ्यायचं आणि उरलेला कागद टाकायचा. तेव्हापासून पत्रिका मार्गी लागतात आणि कापलेल्या गणपतींचं एक जाडजूड पाकीट टेबलावर असतं.

घर नीट ठेवणं म्हणजे केर काढणं, हा एक मोठा गैरसमज आहे. केर बिचारा सरळमार्गी. बाहेरून आलेली माती, कपड्यांचे तंतू, आपल्याच कातडीचे कण आणि पुण्यात राहत असाल तर शेजारच्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटचं सिमेंट. त्याचं काय करायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. सुपलीत भरायचा, टाकायचा. म्हणून तर केर काढायला पगार देऊन माणूस ठेवता येतं. पसाऱ्याचं तसं नाही. पसाऱ्यातली एकेक वस्तू म्हणजे घरातल्या कुणीतरी उद्यावर ढकललेला निर्णय. हे बिल भरलं का? हा स्क्रू कशाचा? ही साडी फॉल-पिकोला द्यायची की कुणाला देऊन टाकायची? हे मावशींनी ठरवायचं नसतं, आणि त्या तशा फंदात पडतही नाहीत.

आमच्या मावशींचं काम मात्र बघत राहावं असं. घरात शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य, "पंखा बंद करा." मग पदर खोचून खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. फुलझाडू आधी भिंतीच्या कडेकडेने फिरतो, मधली फरशी नंतर. पलंगाखाली जाताना तो आडवा होतो, जमिनीला जवळजवळ चिकटून. झाडू नवा असेल तर त्याचाच भुसा खोलीभर होतो, म्हणून त्या आधी तो गच्चीच्या कठड्यावर चांगला आपटून आणतात. पुसायचं ते उलट्या पावली, आपल्या पुसल्यावर आपलाच पाय पडू न देता. माझा चहा संपेपर्यंत दोन खोल्या झालेल्या असतात. पण जमिनीवर पडलेल्या वस्तूंना त्यांच्या दरबारात एकच न्याय: खाली आहे ते वर ठेवायचं. वर म्हणजे कुठेही. मग लेकीच्या प्रोजेक्टचे कागद फ्रिजच्या डोक्यावर निघतात, माझा एक मोजा खिडकीच्या गजात आणि टीव्हीचा रिमोट देव्हाऱ्यात, समईच्या बाजूला. म्हणून घरोघरी बायका मावशी यायच्या आत धावत-पळत घर आवरतात. कामाला बाई यायची म्हणून आधी आपण काम करायचं, यात काही गंमत आहे असं आजवर एकाही बाईला वाटलेलं नाही.

ही सकाळची धावाधाव टळावी म्हणून आमच्याकडे रात्रीची दहा मिनिटं सुरू झाली. जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की घरातल्या सगळ्यांनी मिळून आवराआवर. फोनवर दहा मिनिटांचा गजर लावायचा, आणि तो वाजला की हातात असेल ते ठेवून थांबायचं. माझ्या मते या नियमातलं थांबणं जास्त मोलाचं. सुरुवात काय, कुणीही करतं. पण एकदा कपाट उघडलं की त्यातून मुंजीचा अल्बम निघतो, अल्बममधून 'हा कोण रे, टोपीवाला?' निघतं, त्यावरून काकांना फोन लागतो, आणि रात्री साडेबाराला कपाटातलं सगळं पलंगावर नि माणसं जमिनीवर.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये तो प्रसिद्ध लेख लिहिला: जेवढा वेळ द्याल तेवढं काम फुगतं. लेखाच्या सुरुवातीलाच एक निवांत आजीबाई येतात. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायला त्यांना अख्खा दिवस पुरतो. एक तास कार्ड शोधण्यात जातो, दुसरा चष्मा शोधण्यात, आणखी अर्धा पत्ता शोधण्यात. पार्किन्सनना यात सरकारी कचेऱ्यांचं मर्म दिसलं आणि जगाने त्यांना डोक्यावर घेतलं. मला मात्र त्या आजीबाईंचं टेबल दिसतं. कार्ड, चष्मा आणि पत्त्यांची वही रात्रीच जागेवर गेली असती, तर बाईंचं पत्र चहाच्या आधी पेटीत पडलं असतं आणि एक जगप्रसिद्ध सिद्धान्त हुकला असता.

पहिला विरोध आईंचा. "दिवेलागणीनंतर केर काढू नये. लक्ष्मी जाते." आईंशी वाद घालून उपयोग नसतो, आणि खरं सांगायचं तर हे म्हणणं बिनबुडाचंही नाही. कंदिलाच्या उजेडात, सारवलेल्या जमिनीवर मंगळसूत्रातला मणी किंवा नाकातली चमकी पडली तर दिसायची कशी? केराबरोबर उकिरड्यावर गेली की गेली. लक्ष्मी जायची ती अशी, पायांनी चालत नव्हे. त्यातही सोय होती. अगदी काढावाच लागला केर तर कोपऱ्यात लोटून ठेवायचा आणि सकाळी उजेडात बघून टाकायचा. आता एलईडीच्या लखलखाटात मणी दिसेल, पण आईंच्या कानाच्या यंत्राचा सेल आजही दिसत नाही, आणि तो चमकीपेक्षा स्वस्त असला तरी तो हरवल्यावर जो आरडाओरडा करावा लागतो तो सगळ्या मजल्याला ऐकू जातो. शेवटी तह झाला. रात्रीच्या दहा मिनिटांत झाडूला हात लावायचा नाही. लक्ष्मी शाबूत, आवराआवर चालू.

नवऱ्याचा विरोध नव्हता. उलट तो या विषयावर फार छान बोलतो. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. आमच्याकडे कीर्तन आधी, खराटा जमला तर. त्या कीर्तनाच्या ओघात एखादा कप टेबलावरून बेसिनपर्यंत गेलाच, तर "कप ठेवला हं मी" अशी घोषणा होते. माझी आई पहाटे उठून सडा, केरवारे, पाणी भरणं, अंथरुणांच्या घड्या हे सगळं करायची. तिने कधी काही जाहीर केल्याचं मला आठवत नाही. जाहीर करत बसली असती तर दुपारपर्यंत बोलणंच चाललं असतं. लेकीने यावर वडिलांना सरळ सांगितलं, "बाबा, घोषणा नंतर, आधी तुमचे हेडफोन उचला." मी हे सांगितलं असतं तर भांडण झालं असतं. लेकीने सांगितल्यावर हेडफोन उचलले गेले.

खरी लढाई पुढेच आहे. आपली वस्तू आपण आवरणं सोपं, दुसऱ्याची आवरणं म्हणजे परराष्ट्र धोरण. घरातल्या प्रत्येक निरुपयोगी वस्तूला कुणीतरी वाली असतो आणि त्याचं म्हणणं ठरलेलं: "असू दे, लागेल." कुकरची सैल झालेली रिंग, असू दे. श्रीखंडाचे रिकामे डबे, लागतील. मिक्सरचं खोकं, जरी मिक्सरची वॉरंटी लेक शाळेत असताना संपली. मागच्या वर्षीचं कालनिर्णय, कारण मार्चच्या पाठीमागे कसल्याशा वड्यांची कृती आहे. पिशव्यांच्या पिशवीबद्दल तर मी बोलायचंच सोडलंय. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, दुकानदार हात वर करू लागले, आणि आईंनी गादीखालून घडी घातलेल्या पिशव्यांचा तो साठा बाहेर काढून माझ्यासमोर ठेवला. "म्हणत नव्हते मी, लागतील?" त्या वापरायलाही बंदी आहे, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

जपानच्या मारी कोंडोबाई सांगतात की वस्तू हातात घ्यावी आणि मनाला आनंद होतो का ते बघावं. होत नसेल तर आभार मानून निरोप द्यावा. कुकरची जुनी रिंग हातात घेऊन मला काडीचा आनंद होत नाही. पण ती टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, पाहुणे दारात असताना, नवी रिंग तुटेल त्या वेळचं दुःख मला आत्ताच स्पष्ट दिसतं. आपल्याकडे वस्तू राहतात त्या आनंदापायी नाहीत, या धास्तीपायी. पुढे २०२३ मध्ये कोंडोबाईंनीच कबूल केलं की तिसऱ्या मुलानंतर घर टापटीप ठेवायचा नाद त्यांनी बराच सोडलाय. ती बातमी आमच्या मजल्यावर मोबाइलवरून दारोदार फिरली, आणि त्या दिवशी बायकांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो अगदी अस्सल होता.

जपानचाच दुसरा अवतार आमच्या शेजारी राहतो. शेजारचे काका भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. तिथल्या भिंतींवर 'फाइव्ह एस'चे फलक असायचे: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. म्हणजे नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, स्वच्छ करा, पद्धत घालून द्या आणि ती मोडू देऊ नका. काकांनी निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात हे सगळं स्वयंपाकघरात आणलं. ओट्यामागच्या भिंतीवर फळी ठोकली, खिळे मारले आणि प्रत्येक खिळ्याखाली काळ्या रंगाने आकृत्या काढल्या. लाटण्याची, झाऱ्याची, उलथन्याची, सांडशीची. कारखान्यात पान्यांसाठी असतात तशा. वस्तू जागेवर नसली की रिकामी आकृती ओरडून सांगते. काकूंनी काही न बोलता झारा लाटण्याच्या जागी टांगला. काकांनी तो बदलला. दुसऱ्या दिवशी सांडशी झाऱ्याच्या जागी. काका मला म्हणाले, "पाचवा एस सगळ्यांत अवघड हो. कारखान्यात त्यासाठी वेगळा माणूस होता." आतून काकूंचा आवाज आला, "इथेही आहे. त्याला पगार नाही, एवढंच. आणि मी डाव्या हाताने लाटते, हे चाळीस वर्षांत कुणी बघितलंय का?" फळी आता उजवीकडून डावीकडे गेली आहे. आकृत्या पुन्हा काढल्यात, यंदा काकूंना विचारून.

दहा मिनिटांचा एक तोटा मात्र आधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. दिवाळी आली. एरवी आमच्याकडे धनत्रयोदशीच्या आधी आठवडाभर घर उलटंपालटं असायचं. माळ्यावरचं खाली, खालचं अंगणात, सगळ्यांच्या केसांत जळमटं. यंदा माळा सोडला तर काढायला काही फारसं नव्हतंच. आई दोन खोल्या फिरून आल्या आणि हिरमुसून खुर्चीत बसल्या. "यंदा काहीच सापडलं नाही गं." मला आधी कळेना. मग आठवलं. दरवर्षी दिवाळीच्या आवराआवरीत कपाटामागून एक कानातलं, गादीखालून दोनशेची नोट, पुस्तकात दडलेलं मामांचं पत्र असं काहीबाही निघायचं आणि त्याभोवती चहा व्हायचा. रोजच्या रोज वस्तू जागेवर गेल्या की हरवत काही नाही, आणि हरवलंच नाही तर सापडणार काय? लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहताना आईंचा चेहरा तसाच होता. केरसुणी नवी, पण तिला करायला काम नाही, अशी काहीशी तक्रार.

त्यावर घरात बैठक झाली आणि टीव्हीखालचा एक खण नियमातून वगळला. तो कुणी आवरायचा नाही, त्यात कुणीही काहीही टाकावं. लेकीने लगेच त्याला 'विशेष आर्थिक क्षेत्र' असं नाव दिलं. सिमकार्ड काढायची पिन, कशालाच न लागणाऱ्या तीन किल्ल्या, नेपाळी नाणं, अर्धवट मेणबत्ती, संपलेल्या रिफिलचं महागडं पेन, आणि कुकरची ती रिंग. खण संक्रांतीच्या आत भरला. आता ओढला की अर्ध्यावर अडकतो, आणि आत काय अडकलंय हे बघायला तो उघडता येत नाही.

परवा रात्री नवऱ्याने दुसऱ्या खणाची मागणी मांडली. आईंनी अनुमोदन दिलं. लेक म्हणाली, एकाला सवलत दिली की उद्या कपाट मागतील. चर्चा चांगली रंगली होती, इतक्यात गजर वाजला. नियम तो नियम. मी म्हटलं, उरलेलं उद्या.